उत्तर सांगणं ही लबाडी नव्हती, टास्कची आखणी कच्ची होती

जोड्या-जोड्यांनी जगभर शर्यत लावणाऱ्या ‘द अमेझिंग रेस’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाचं ३२ वं पर्व पाहून तुमच्या घरात चांगलीच जुंपली, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं म्हणणं, पाच जोड्यांनी गट करून एकमेकांना उत्तरं पुरवली ही उघड लबाडी. तुमचा भाऊ म्हणतो, नियमात बसतं ना, मग चालतं. वहिनींचा मुद्दा तिसराच: टॅक्सीवाला रस्ता चुकला म्हणून जिथे माणसं बाद होतात, तिथे न्याय-अन्यायाचा काथ्याकूट कशाला? आणि सगळ्यांचा मिळून एक संशय, की निकाल निर्माते आधीच ठरवत असतील.

मी बरीच वर्षं अशा प्रवास-शर्यतींच्या कार्यक्रमांसाठी टास्क रचते आणि स्पर्धक यायच्या आधी ते स्वतः करून बघते. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकते. खेळाडूंच्या वागण्यात आपण जेवढा अन्याय शोधत बसतो, तेवढा तिथे नसतो. तो आखणीत असतो: टास्क कसा बांधलाय, दंड किती ठेवलाय, परीक्षक कुठे बसलाय. प्रेक्षकांचा राग बहुतेक वेळा खरा असतो, फक्त चुकीच्या माणसावर निघतो.

आधी गटाबद्दल. त्या पर्वात पाच जोड्यांनी स्वतःला ‘माइन फाइव्ह’ म्हणवून घेतलं आणि जवळजवळ शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहिल्या. मनिलाच्या टप्प्यात चार जोड्या उरल्या होत्या. त्यांतल्या तिघींनी एकमेकींना मदत केली आणि डीअँजेलो विल्यम्स-गॅरी बार्निज ही चौथी जोडी, जी स्वतः त्याच गटातली होती, बाद झाली. ते पर्व शेवटी विल आणि जेम्स या जोडीने जिंकलं. तुमचा सगळ्यात जास्त राग या टप्प्यावर असावा असा माझा अंदाज आहे, आणि तो मला समजतो. एक जोडी घामाघूम होऊन उत्तर शोधते आणि दुसरी येऊन कानात ऐकून पुढे जाते, हे बघताना कुणालाही चीड येईल.

पण लबाडी म्हणजे सगळ्यांनी मान्य केलेला नियम लपून मोडणं. इथे एकमेकांना मदत करायला बंदी नव्हती, आणि हे पाचही जण उघडपणे, कॅमेऱ्यासमोर करत होते. म्हणून तुमच्या भावाचं बरोबर आहे. तरी त्याचं ‘मग चालतं’ मला पटत नाही. कारण जे उत्तर एका वाक्यात दुसऱ्याला देता येतं, त्याचा टास्क करणं ही मुळात माझ्यासारख्यांची चूक. एखादा आकडा शोधा, शब्द जुळवा, योग्य दार ओळखा, अशा टास्कमध्ये पहिल्या जोडीची तासाभराची मेहनत दुसऱ्या जोडीला तीन सेकंदांत फुकट मिळते. याला उपाय आहे आणि तो फार महागही नाही. प्रत्येक जोडीचं उत्तर वेगळं ठेवायचं. तेवढ्याच अवघड कोड्याचे दहा-बारा संच करायचे, प्रत्येक संच चाचणीत वेगवेगळ्या लोकांकडून सोडवून घ्यायचा आणि वेळ जवळपास सारखा येतो की नाही ते बघायचं. नाहीतर उत्तर कळलं तरी हाताने काम करावंच लागेल असा टास्क द्यायचा. विटा रचायच्या असतील तर ‘कशा रचायच्या’ हे सांगून थोडा वेळ वाचेल, पण विटा तुम्हालाच उचलाव्या लागतील.

गटाबद्दल आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या चर्चेत सहसा येत नाही. गटाचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. या शर्यतीत प्रत्येक टप्प्यावर पहिलं येण्याची गरज नसते, शेवटचं न येण्याची असते. अंतिम फेरीपर्यंत तिघे पोचतात. तेव्हा गटातली कमकुवत जोडी उत्तरं घेऊन तगून राहते, तिचा फायदा उघडच आहे. बलवान जोडीला काय मिळतं? अंतिम फेरीत समोर कोण असावं हे थोडंफार हातात येतं. स्वतःपेक्षा हळू पळणाऱ्यांना सोबत घेऊन शेवटपर्यंत गेलं तर तो चांगला सौदा आहे. पण गटातल्या तीन जोड्या सारख्याच ताकदीच्या असतील तर उत्तर वाटणारी सर्वांत हुशार जोडी आपली आघाडी स्वतःच्या हाताने वाटून टाकते. पाचांचा गट तिघांच्या अंतिम फेरीत मावत नाही, हे तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत असतं. कधीतरी दोघांना दगा मिळणारच. डीअँजेलो-गॅरीबद्दल वाईट वाटलं तरी त्यांना अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. ज्या मदतीवर ते आधी पुढे आले, तीच मदत त्यांच्याशिवाय चालू राहिली.

आता यू-टर्न. ज्यांनी हा कार्यक्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन माणसांच्या जोड्या जगभर फिरतात, क्लू घेऊन टास्क करतात, पिट स्टॉपवर, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या ठिकाणी, पोचतात. बहुतेक टप्प्यांवर शेवटची जोडी बाद होते आणि जिंकणाऱ्याला १० लाख डॉलर मिळतात. डीटूरमध्ये दोन कामांपैकी एक निवडायचं असतं. दुसऱ्या जोडीने फलकावर फोटो लावून जिला यू-टर्न दिला, त्या जोडीला मात्र दुसरं कामही करावं लागतं. १२ व्या पर्वापासून, म्हणजे २००७ पासून तो आहे. त्याआधी, २००४ च्या ५ व्या पर्वापासून, यील्ड होता. त्यात एखाद्या जोडीला वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत नुसतं उभं राहावं लागायचं. मला यू-टर्न जास्त न्याय्य वाटतो, कारण यील्डमध्ये समोरच्याच्या हातात काहीच नसतं आणि यू-टर्नमध्ये तो काम भराभर संपवून वर येऊ शकतो. शिवाय साध्या यू-टर्नमध्ये फलकावर फोटो लावणाऱ्याचं नावही सगळ्यांना दिसतं. कुणी कुणाला मागे ढकललं हे उघड राहतं आणि त्याचा हिशोब पुढच्या टप्प्यावर चुकवता येतो. नाव लपवू देणारा ब्लाइंड यू-टर्न मला आवडत नाही, तो हिशोबच पुसून टाकतो.

यू-टर्न दुबळ्या जोडीला द्यावा की बलवान जोडीला, यावर तुमच्यात मतभेद झाले असतीलच. माझ्या मते हे बहुतांशी तुम्ही स्वतः त्या क्षणी कुठे आहात यावर अवलंबून आहे. जी जोडी तुमच्या पुढे निघून गेलीय तिला तो देताच येत नाही. म्हणून तुम्ही मागे असाल तर तुमच्याही मागे असणाऱ्याला द्या, तेवढ्यानं जीव वाचतो. तुम्ही बरेच पुढे असाल आणि बलवान जोडी विमान चुकून मागे पडली असेल, तर अशी संधी पर्वात एकदाच येते. ५ व्या पर्वात चिप आणि किम यांनी फिलिपिन्समध्ये यील्ड वापरला तो सगळ्यात जोरदार जोडीवर, कॉलिन आणि क्रिस्टीवर. लोकांना तेव्हा तो फार लागला. कॉलिन-क्रिस्टी त्यातूनही वर आले, अंतिम फेरीत पोचले, दुसरे आले. चिप-किम जिंकले. मग २०१९ मध्ये, ३१ व्या पर्वात, कॉलिन-क्रिस्टी परत आले आणि जिंकूनच गेले.

दंडाच्या बाबतीत मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण डावपेच आणि न्याय यांची खरी गाठ तिथे बसते. ७ व्या पर्वात अर्जेंटिनातल्या मेंडोझाला एकाने चार पौंड, म्हणजे जवळजवळ १.८ किलो, भाजलेलं मांस खायचं होतं. रॉब मारियानो या स्पर्धकाच्या लक्षात आलं की आपल्याच्यानं हे होणार नाही. टास्क सोडला तर चार तासांचा दंड. मग त्याने काय केलं, तर आणखी दोन जोड्यांना पटवलं की तुम्हीही सोडा. तिघांनी सोडल्यावर चार तास तिघांनाही सारखेच बसले आणि रॉब मागे एकटा राहिला नाही. तो आणि त्याची जोडीदार अँबर वाचले. मला विचाराल तर या कार्यक्रमातली ही सर्वांत हुशार चाल होती, आणि त्यात अन्यायाचा लवलेशही नव्हता. चूक होती ती दंड ठरवणाऱ्यांची. ठरावीक वेळेचा दंड म्हणजे दंड राहत नाही, ती किंमत होते. ज्याला परवडते तो ती भरतो.

याची दुसरी बाजू १५ व्या पर्वात, २००९ मध्ये, प्रागला दिसली. तिथे मिळालेली अक्षरं जुळवून ‘फ्रांझ’ हा शब्द करायचा होता, लेखक काफ्काचं पहिलं नाव. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉल संघातल्या बिग ईझी नावाच्या स्पर्धकाला तो सुचेना. डोकं भणाणलं आणि त्याने चार तासांचा दंड पत्करला. जोडी तिथेच बाद झाली. मी हा भाग पाहिला तेव्हा कागद घेऊन हिशोब केला होता. रोमन लिपीत तो शब्द पाच अक्षरांचा आहे आणि पाच वेगवेगळी अक्षरं जास्तीत जास्त १२० प्रकारे मांडता येतात. चार तास म्हणजे २४० मिनिटं. काफ्का कोण हे माहीत नसतं, तरी एकेक मांडणी क्रमानं लिहून दाखवत बसलं असतं आणि प्रत्येकीला दोन मिनिटं लागली असती, तरी दंडापेक्षा उशीर झाला नसता. थकल्यावर माणसाला हा हिशोब सुचत नाही, तेही मी पाहिलंय. म्हणून स्पर्धकांना तयारीत मी एवढंच सांगते, की दंड घेण्याआधी तो किती मिनिटांचा आहे ते मोठ्यानं म्हणा आणि मग तेवढ्या मिनिटांत हातातलं काम कितीदा करून बघता येईल ते मोजा.

छोट्या चुकांना या शर्यतीत जो दंड आहे तो मला आखणीच्या दृष्टीने आदर्श वाटतो: तीस मिनिटं, अधिक चुकीमुळे जेवढा वेळ वाचला तेवढा. चालत जा म्हटलं असताना टॅक्सी केली आणि वीस मिनिटं वाचवली, तर पन्नास मिनिटं भरा. नियम मोडून कधीच नफा होत नाही, त्यामुळे तो मोडण्याचा हिशोब कुणी करतच नाही.

वहिनींच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त मान देते, कारण नशिबाचा प्रश्न खरोखर अवघड आहे. ६ व्या पर्वात स्वीडनच्या शेतात गवताचे मोठे गुंडाळे उलगडून त्यात क्लू शोधायचा होता. बहिणीबरोबर खेळणाऱ्या लीना नावाच्या स्पर्धक मुलीने आठ तासांहून जास्त वेळ गुंडाळ्यांमागून गुंडाळे उलगडले. क्लू सापडला नाही. शेवटी सूत्रसंचालक फिल कीओगन स्वतः शेतात येऊन त्या बहिणींना बाद झाल्याचं सांगून गेले. कागदावर तो टास्क प्रत्येकासाठी अगदी समान होता. कोणताही गुंडाळा आधी निवडा, शक्यता तीच. पण ना ताकद उपयोगाची, ना बुद्धी, ना चिकाटी. नियम सगळ्यांना सारखा असणं एवढ्यानं न्याय होत नाही, हे मी याच टास्कवरून शिकले. माझ्या कामात मी असा टास्क घेतलाच तर त्याला तळ ठेवते. ठरावीक संख्या उलगडून झाली आणि क्लू नाही मिळाला, तर तो हातात द्यायचा. नशिबाने अर्धा तास घालवला तर चालेल, अख्खा दिवस नाही.

टॅक्सी आणि विमानाचं नशीब वेगळं. तिथे कौशल्याला जागा असते: कुणी काउंटरवर दुसरा मार्ग विचारतं, कुणी टॅक्सीत बसण्याआधी ‘पत्ता माहीत आहे का’ हे दोनदा विचारतं. जाता जाता सांगते, ड्रायव्हरवर ओरडणाऱ्या जोड्या पाहिल्या की मला लाज वाटते. त्या माणसाने शर्यत जिंकायचा करार केलेला नसतो. पुन्हा, असं नशीब अनेक छोट्या तुकड्यांत येतं. बारा टप्प्यांत तुम्हाला दोन वाईट ड्रायव्हर मिळतील, मलाही दोन मिळतील. विमानांचं नशीब २०२० नंतर काही काळ काढूनही टाकलं होतं. ३३ व्या पर्वाचं चित्रीकरण फेब्रुवारी २०२० मध्ये कोविडमुळे तीन टप्प्यांनंतर थांबलं, सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं, तेव्हा सगळ्यांना एकाच चार्टर विमानाने नेलं. नशीब गेलं, पण विमानतळावरची सगळी अक्कलहुशारीही गेली. ३५ व्या पर्वात प्रवासी विमानं परत आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बीबीसीच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’ने उलट वाट धरली. विमान नाही, मोबाइल नाही आणि विमानाच्या तिकिटाएवढेच पैसे. तिथे प्रवास हाच टास्क आहे, त्यामुळे ही तक्रार फारशी उरतच नाही.

विमानाबद्दल एक गोष्ट पडद्यावर सहसा दिसत नाही. प्रत्येक जोडीबरोबर एक कॅमेरावाला आणि एक ध्वनीवाला असतो. म्हणून जोडीला तिकिटं दोन नाही, चार लागतात. विमानात तीन जागा उरल्या असतील तर ते विमान त्यांच्यासाठी भरलेलंच. घरी बसून ‘ते विमान का नाही घेतलं’ म्हणताना हे लक्षात ठेवा.

आणि निर्माते निकाल ठरवतात का? अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमांत उत्तरं आधी पुरवल्याचं उघड झालं. त्यानंतर १९६० मध्ये कायदाच झाला: प्रेक्षकांना फसवण्याच्या हेतूनं ज्ञान, कौशल्य किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल आधी ठरवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तिथले लोक या बाबतीत फार जपून असतात. ७ व्या पर्वाच्या शेवटी पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या विमानतळावर विमानात चढायचा पूल मागे घेतल्यावरही उचेना आणि जॉइस या जोडीला आत घेतलं, तेव्हा प्रेक्षकांनी निर्मात्यांकडे बोट दाखवलं होतं. पण दार उघडायचं की नाही हे वैमानिक आणि विमान कंपनी ठरवते, कॅमेरावाले नाहीत. त्याच जोडीने मायामीत विजयाच्या मॅटपासून काही पावलांवर उभं राहून टॅक्सीचं भाडं भरण्यासाठी लोकांकडे पैसे मागितले, कारण भाडं चुकवून मॅटवर जाता येत नाही. आधी एका टप्प्यावर शेवटचे आल्यामुळे त्यांचे पैसे काढून घेतले होते. मागे रॉब आणि अँबर कुठल्याही क्षणी येतील अशी स्थिती. त्यांनी भाडं पूर्ण दिलं आणि मग पळाले.

मला काळजी वाटते ती परीक्षकाची. आमच्या एका टास्कमध्ये जाळ्याच्या सात गाठी नमुन्याप्रमाणे मारायच्या होत्या. परीक्षक म्हणून एक वयस्कर मासेमार काका बसवले होते. त्यांनी फक्त मान हलवायची, हो किंवा नाही. पहिल्या तीन जोड्यांपर्यंत सगळं नीट झालं. चौथ्या जोडीतली मुलगी सहाव्यांदा नकार मिळाल्यावर रडायला लागली. काका काही बोलले नाहीत, बोटही उचललं नाही. पण त्यांची नजर चौथ्या गाठीवर जाऊन थांबली, आणि मुलीने ती पाहिली. चौथी गाठ सोडली, उलटी मारली, पास. पाचव्या जोडीच्या वेळी पुन्हा तेच. मी दहा फुटांवर स्टॉपवॉच घेऊन उभी होते आणि मला ते दिसलं, पण पुढे गेलेल्या जोड्यांना परत बोलावता येत नाही. रात्री आम्ही सगळ्या वेळा मांडल्या. त्या नजरेनं साधारण सात-आठ मिनिटं वाचली असावीत. बाद झालेली जोडी चाळीस मिनिटं मागे होती, म्हणून निकाल तसाच ठेवला. फरक दहा मिनिटांच्या आत असता तर मी दोन्ही जोड्या ठेवा म्हणून भांडले असते. दुसऱ्या दिवसापासून परीक्षक पडद्यामागे बसायला लागले. जाळं त्यांच्याकडे न्यायचं, स्पर्धकांनी बाहेर थांबायचं. काकांना मी दोष दिला नाही. चांगल्या माणसाला रडणाऱ्या मुलीसमोर दगडासारखं बसवणं ही माझी चूक होती.

पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. अख्ख्या दिवसाचा टप्पा तासाभराच्या भागात कापून बसवतात, आणि तासाभराच्या अंतराने आलेल्या दोन जोड्या खांद्याला खांदा लावून पळत असल्यासारख्या दिसतात. २००१ च्या पहिल्या पर्वात तर अंतर इतकं वाढलं होतं की पहिल्या दोन जोड्या न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा तिसरी अलास्कातच होती, आणि शर्यत संपल्याचं त्यांना तिथेच कळलं. पुढचा भाग पाहताना शेवटच्या पाच मिनिटांत संगीत वाढलं की चेहऱ्यांकडे बघू नका, जमिनीवरच्या सावल्या बघा. एका जोडीची सावली पायाशी आणि दुसरीची लांब पसरलेली असेल, तर ती झुंज नव्हतीच. क्लूच्या पेटीत किती लिफाफे उरलेत तेही दिसतं. ते मोजले की त्या क्षणी कोण कितवं होतं हे तुम्हाला संकलनाच्या आधीच कळेल, आणि मग भावाशी भांडायला नेमका मुद्दा हातात असेल.